शेजारधर्म आणि नाद

मराठवाड्यातील माजलगावात, भिंतीला भिंत लागून असलेल्या एखाद्या घरात, मध्यरात्री कोणी विद्युत् गिटारीचे ध्वनिमुद्रण करू लागला, तर त्याच्या साधनेचा हक्क शेजाऱ्याच्या निद्रेपुढे कोठवर टिकतो, हा प्रश्न मला कायद्याचा कमी आणि धर्माचा अधिक वाटतो. कायद्याने आपली हद्द २००० सालच्या नियमांत आखलीच आहे: निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल.

परंतु या वाद्याची घडणच विलक्षण आहे. त्याच्या भरीव लाकडाला पोकळ उदर नाही. तारांखाली चुंबक व त्याभोवती तांब्याचे सूक्ष्म वेढे असतात, पोलादी तार कंपित होताच त्या वेढ्यांत विद्युत्प्रवाह उमटतो, आणि तो ध्वनिवर्धकाकडे न नेता जोडयंत्राद्वारे थेट संगणकात उतरवून कानांवर हेडफोन चढवले, म्हणजे खोलीत तारेची क्षीण किणकिण तेवढी उरते.

तेराव्या शतकात, याच मराठवाड्यातील देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त नादाचे आहत, म्हणजे आघाताने उमटणारा, आणि अनाहत, म्हणजे आघाताविना असणारा, असे भेद मानले. पहिला लोकरंजनाचा, दुसरा योग्यांचा. हेडफोनमधला नाद आहतच होय, त्याला अनाहताची पदवी देणे मला मान्य नाही. ध्वनिवर्धकाने हलणारी हवा छातीला भिडते, ते सुखही येथे गमवावे लागते, आणि ही हानी लहान नव्हे. तथापि पहाटे शेतावर निघणारा माणूस भिंतीपलीकडे निजलेला आहे हे स्मरून जो वादक ती स्वेच्छेने पत्करतो, त्याच्या त्या मौनाला मी अहिंसाच म्हणेन, मग त्याची वार्ता शेजाऱ्याला कधी लागो वा न लागो.