दुखणे खरे की खोटे?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये कोणी जखमी झाला तरी खेळ सहसा चालूच राहतो. स्ट्रेचर आणावे लागले तर पंच तो थांबवितात. २०२१ साली तेथील लीगने प्रत्येक संघाला एक जादा राखीव खेळाडू दिला, पण केवळ जखमी गड्याच्या जागी. झाले! डॉक्टरांचा निर्वाळा असूनही लोक कुजबुजू लागले, "खरेच दुखते, की ताज्या दमाचा गडी हवा?" ढोंगी प्रतिपक्षाला फसवितो, त्याहून अधिक, तो उद्याच्या जखमी गड्याचा विश्वास चोरतो. २०२३ मध्ये दुखापतीची अट काढली, ढोंगाचे कारण संपले. हे शहाणपण मला मान्य आहे. पण त्या दोन हंगामांत जो खरोखर कळवळत बाहेर गेला आणि ज्याला प्रेक्षक हसले, त्याचे काय?