नोरा खरं बोलतेय का?

‘द लेफ्टोव्हर्स’ ही एचबीओची मालिका २०१४ ते २०१७ या काळात आली. तीन सीझन, २८ भाग. गोष्ट अशी: १४ ऑक्टोबरला जगातली दोन टक्के माणसं, म्हणजे जवळपास १४ कोटी, एका क्षणात नाहीशी होतात. स्फोट नाही, मृतदेह नाही. हे का झालं, ते मालिका शेवटपर्यंत सांगत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे सर्व्हर तासभर पडला तरी ‘रूट कॉज’ शोधायला मीटिंग बसते. त्या अहवालाला आम्ही चक्क पोस्टमॉर्टेम म्हणतो. या सवयीमुळे मला ही मालिका बघून चीड यायला हवी होती. आली नाही, कारण तिची खरी गंमत त्या दोन टक्क्यांत आहे. पन्नासातला एक. जग बुडायला हा आकडा पुरत नाही. शाळा भरतात, हप्ते कापले जातात. ज्याचं माणूस गेलं त्याचं सगळं थांबलेलं असतं, आणि शेजारी दूध आणायला निघालेला असतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांच्या घरातलं कुणी गेलं, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता शेवटाबद्दल लिहितोय. मालिका बघायची असेल तर इथेच थांबा.

नोराचा नवरा आणि दोन्ही मुलं त्या दिवशी नाहीशी झाली. शेवटच्या भागात ती म्हातारी झालेली आहे, ऑस्ट्रेलियात एकटी राहते. ती केविनला सांगते की एका यंत्रातून ती ‘पलीकडे’ गेली. तिथे उरलेले ९८ टक्के गायब होते. तिची मुलं मोठी झाली होती, सुखात होती. त्यांच्या आयुष्यात आपण भूत ठरू, हे कळल्यावर ती न भेटताच परतली. यातलं काहीही पडद्यावर दिसत नाही. दिसतो फक्त तिचा चेहरा. केविन म्हणतो, माझा विश्वास आहे.

त्याने असं म्हणावं का?

माझी मावशी सांगते की काकांनी जाताना तिचं नाव घेतलं. काका तेव्हा व्हेंटिलेटरवर होते, म्हणजे घशात नळी. बोलणं शक्य नव्हतं, हे मला माहीत आहे. ती दर वेळी विचारते, “घेतलं असेल ना रे?” मी म्हणतो, “हो गं मावशी.”

यावरचा आक्षेप मला मान्य आहे. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने पुरावा मागायलाच हवा. पडताळता न येणाऱ्या गोष्टींवरच तर बुवा-बाबांचा धंदा चालतो. मालिकेतही असा एकजण आहे: वेन, पैसे घेऊन मिठी मारतो आणि दुःख काढून घेतो. नोराही त्याच्याकडे जाते.

फरक कुठे आहे, हे त्याच शेवटच्या भागात दिसतं. केविन आधी स्वतः खोटं बोलतो. आपल्यात कधी काही नव्हतंच, असं भासवून तो नव्याने सुरुवात करू पाहतो. नोराला ते सहन होत नाही. शेवटी तो कबूल करतो, की मी दरवर्षी तुला शोधत इथे येत होतो. त्यानंतरच ती तिची गोष्ट सांगते. केविनचं खोटं घडलेलं पुसून टाकत होतं, आणि नोरानेही विसरावं अशी त्याची मागणी होती. नोराची गोष्ट काहीच पुसत नाही. मुलं गेली, हे ती मानते. आणि ऐकणाऱ्याकडून ती काही मागत नाही: पैसे नाहीत, आज्ञापालन नाही. फक्त ऐकणं.

म्हणून मला वाटतं, ‘माझा विश्वास आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तुझं विधान मी तपासलं, ते बरोबर निघालं. दुसरा, हे ओझं तू कसं उचलतेस ते मला दिसतंय, आणि मी इथेच आहे. औषध, लस, यंत्र यांबाबत मला पहिलाच अर्थ हवा. तिथे सूट नाही. मावशीने उद्या त्या आठवणीच्या जोरावर एखाद्या मांत्रिकाला पैसे द्यायचं ठरवलं, तर मी तिला नळीबद्दल सांगेन. तोवर ती जे विचारते, त्याचं उत्तर वैद्यकीय अहवालात नाही. तिला एवढंच हवं आहे की ते नाव आणखी कुणाच्या तरी कानात असावं.