प्रारब्ध सांगू नका

आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, हातावरच्या फिस्च्युलात, म्हणजे सुयांसाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया, त्या हाताची हालचाल बंद. आणि घरी आल्यावर घसा कोरडा पडला तरी पाणी मोजूनच प्यायचं. डायलिसिसवरचा माणूस मनाने खचतो यात नवल नाही. भेटायला येणारे बहुतेक जण मात्र त्याच्या दुखण्याचा अर्थ लावून देतात: भोग आहेत, भोगूनच संपवायचे, प्रारब्ध कुणाला चुकलंय! हेतू धीर देण्याचाच असतो. पण कर्मसिद्धांत मानणाऱ्यानेही विचार करावा की, तो सिद्धांत स्वतःच्या आचरणाला वळण लावण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून सांगितला की त्याचा आरोप होतो.

२०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने डायलिसिस रुग्णांवरच्या ३३ चाचण्यांचा आढावा घेतला. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी, व्यायाम आणि शिथिलीकरण यांनी नैराश्याची लक्षणं बहुधा कमी होतात, असं त्यात दिसलं. थेरपीत ‘मी घरच्यांवर ओझं झालोय’ हा विचार कागदावर मांडायचा आणि तो कितपत खरा आहे हे स्वतःच तपासायचं. पायांनी पेडल मारायचं. श्वास सावकाश सोडायचा. तिन्हींत रुग्णाला स्वतःला काही करायचं असतं. यंत्राने, डॉक्टरांनी, नातेवाइकांनी ज्याचं सगळं ठरवून टाकलंय, त्याला एवढं कर्तेपण परत मिळणं, हेच मला या उपायांचं मर्म वाटतं.

त्याच आढाव्यात आध्यात्मिक साधनांबद्दल ठोस निष्कर्ष निघाला नाही. म्हणून श्रद्धा कुचकामी ठरते का? नाही. सुया टोचताना स्वतःहून नाम घेणारा रुग्ण काही करत असतो. प्रारब्ध ऐकून घेणाऱ्याला नुसतं सोसायचं असतं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: दुःख शरीराचं, बुडालेल्या रोजगाराचं, मग मनावर उपचार कशाला? बुद्धाने सल्ल सुत्तात दोन बाण सांगितले, एक देहाला लागणारा, दुसरा मनाला. दुसरा उपटला म्हणून पहिल्याची जखम खोटी ठरत नाही. मोफत डायलिसिस, प्रवासखर्च, प्रत्यारोपण यांची मागणी करायलाही मनात बळ लागतंच.

औषधांना नाकारायचं कारण नाही. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाचा गुण बारा आठवड्यांनी कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीपेक्षा किंचित जास्त दिसला, दुष्परिणामही जास्त दिसले. त्या चाचणीत थेरपी डायलिसिसच्या खुर्चीवरच दिली गेली, आणि आपल्या केंद्रांनी उचलावी अशी गोष्ट ती आहे. थकलेल्या माणसाला समुपदेशनासाठी चौथ्या दिवशी बोलावलं तर तो येणार नाही. त्या चार तासांत समुपदेशकच त्याच्याकडे जाऊ शकतो.