आग्रह

लहानपणी लग्नाच्या पंगतीत मला सर्वांत अधिक भीती वाटे ती जिलब्यांचे ताट घेऊन येणाऱ्या यजमानांची. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून एक जिलबी पडायचीच. यजमान प्रसन्न मुद्रेने पुढच्या पानाकडे वळत. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. पण त्या प्रेमाला माझ्या पोटाची चौकशी करायला सवड नव्हती.

पुढे मी प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात पडलो, आणि पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की ते ताट आता माझ्याच हातात आहे.

प्रोग्रॅमर दिवसभर करतो काय, असे घरची माणसे विचारतात. तो लिहितो. हे लिहिणे ज्या साधनात चालते त्याला एडिटर म्हणतात. सुताराला रंधा, शिंप्याला कात्री, तसा आम्हांला एडिटर. आपापल्या एडिटरचा अभिमान मात्र आम्ही गवयांच्या घराण्यासारखा बाळगतो. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन एडिटर जन्माला आले. त्यांच्या भक्तांतला वाद अजून मिटलेला नाही. मी व्हीआयच्या बाजूचा. १९९१ साली ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थांनी 'व्हिम' नावाची त्याची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली, ती मी वापरतो. तिच्यात माऊसला हात न लावता सारे काम होते. बोटांना एकदा सवय झाली, की मनात आले आणि पडद्यावर उमटले, इतके ते सहज वाटते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्या गटात नव्याने आली. ती माऊसने एकेक ओळ निवडून सावकाश काम करी. ते मला पाहवेना. "व्हिम शिकून घे," मी म्हणालो, "पंधरा दिवसांत माझी आठवण काढशील." ती म्हणाली, "हो, सर."

पंधरा दिवसांनी काम पुरे करून देण्याची तारीख आली. रात्री साडेनऊला मी निघालो तेव्हा ती एकटीच बसली होती. शेजारी डबा न उघडलेला. मी विचारले तर म्हणाली, "बोटांना अजून सवय नाही झाली, सर. होईल."

"मग जुन्या एडिटरमध्येच का नाही केलंस?"

ती जराशी हसली. "तुम्ही इतक्या प्रेमानं सांगितलं होतंत."

पडली होती जिलबी तिच्या पानात!

घरी जाताना मी स्वतःला विचारले, मला नक्की काय हवे होते? तिचे काम हलके व्हावे हे, की माझ्या निवडीला आणखी एक साक्षीदार मिळावा हे? उत्तर फारसे सुखाचे नव्हते. शिवाय वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाची सूचना ही सूचना राहतच नाही. तिने दिलेला 'हो' हा व्हिमला नव्हता, माझ्या पांढऱ्या केसांना होता.

आणि मी ज्याला परिपूर्ण समजत होतो ते तरी काय होते? व्हिममध्ये खाली-वर, मागे-पुढे जायला एच, जे, के, एल ही अक्षरे वापरतात. त्यामागे मला मोठे शास्त्र दिसे. खरी गोष्ट अशी, की बिल जॉय यांनी मूळचा व्हीआय ज्या यंत्रावर लिहिला, त्याच्या कळफलकावर याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते. एका माणसाच्या टेबलावरची ती सोय. मलाही ती गोड लागली, कारण मी ऐन उमेदीत, हाताशी भरपूर वेळ असताना तिला भेटलो. त्या मुलीच्या हाताशी फक्त पंधरा दिवस होते.

मग आवडलेली वस्तू सांगूच नये काय? असे मला वाटत नाही. मलाही व्हिम कोणी तरी सांगितलाच होता. तो गप्प बसता तर मी एका आनंदाला मुकलो असतो. चांगले ठाऊक असून न सांगणे हा कंजूषपणाच. पण सांगण्याआधी समोरच्याला अडते कुठे हे विचारावे, आणि काहीच अडत नसेल तर चहा पिऊन परतावे. गुणांबरोबर किंमतही सांगावी: पहिला महिना तुझे काम मंदावेल. आणि आत जाण्याच्या वाटेआधी बाहेर पडण्याची वाट दाखवावी. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर 'व्हिममधून बाहेर कसे पडावे' हा प्रश्न २०१७ सालापर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा वाचला गेला होता! एवढे अभिमन्यू आम्ही शिफारस करणाऱ्यांनीच चक्रव्यूहात धाडले, दुसरे कोणी?

मोलेनार २०२३ साली वारले. व्हिम त्यांनी फुकट वाटला. तो उघडला, की पहिल्या पडद्यावर एक ओळ वर्षानुवर्षे दिसत आली: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. अधिक माहिती कुठे मिळेल तेही तिथेच असे. आपण पहिले अक्षर उमटवले, की ती ओळ निघून जाई. इतकी वर्षे ती ओळ रोज पाहूनही तिच्या शिष्टाचाराकडे माझे लक्ष गेले नव्हते.

त्या रात्रीनंतर मुलगी आपल्या जुन्या एडिटरकडे परतली. मीच तसे सांगितले. काही महिन्यांनी, दिवाळीच्या सुटीआधी, ती माझ्या टेबलाशी आली. "सर, तुम्ही फायलींत शब्द शोधत बराच वेळ बसता, असं दिसलं. मी त्यासाठी रिपग्रेप वापरते. घाई नाही." आणि एक चिठ्ठी ठेवून ती गेली. चिठ्ठीवर ते साधन बसवायचे कसे हे दोन ओळींत होते. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, नाही आवडले तर काढून कसे टाकायचे.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट आले होते, वर विणलेला रुमाल झाकलेला. काकू ताट देऊन केव्हाच परतल्या होत्या. आधी चकली उचलावी की अनारसा, हे त्यांनी माझ्यावर सोडले होते.