मौन शिबिर आणि प्रार्थना

देवनहळ्ळीच्या विमानतळाची वर्दळ ज्या बंगळुरूला ठाऊक आहे, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, केंगेरीच्या आशीर्वनम मठात, बेनेडिक्टाइन संन्यासी दिवसातून अनेकदा प्रार्थनेला जमतात. सामान्य ख्रिस्ती माणसालाही मौन शिबिरात जाऊन असं थांबणं हवं का? मला वाटतं, नक्कीच हवं. रोजच्या प्रार्थनेत आपणच बोलत राहतो; मागण्यांच्या आड दडलेली भीती दिसायला मौनाचे सलग काही दिवस लागतात. इग्नेशियस लोयोलांनी सोळाव्या शतकात आपल्या साधनेला सुमारे 30 दिवस दिले, ते उगीच नव्हे. त्यांच्याच येशूसंघातले, मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात श्वासाकडे लक्ष देण्यापासून प्रार्थना शिकवली.

श्वासावरचं असं ध्यान ही परधर्माची उसनवारी आहे, असा आक्षेप येतो. तंत्रालाच प्रार्थना समजू नका, हा व्हॅटिकनच्या 1989च्या पत्रातला इशारा रास्तच आहे. पण त्याच पत्राने इतर धर्मांतल्या पद्धती सरसकट नाकारल्या नाहीत. शिवाय स्तोत्राची एकच ओळ अखंड जपायला जॉन कॅशियन पाचव्या शतकातच सांगत होते. मग मौन शिबिर ही जगापासून पळवाट आहे का? मार्कच्या शुभवर्तमानात येशू पहाटे अंधारात एकांतात प्रार्थनेला जातो, आणि शिष्यांनी गाठताच शेजारच्या गावांकडे निघतो.