दुधाची डिग्री

आमच्या लहानपणी घरात म्हैस एकच होती आणि तिचे सकाळचे दूध गावच्या संकलन केंद्रावर जात असे. त्यामुळे दिवाळीत बासुंदी करायची म्हटले, की आई चार दिवस आधीपासून मनाशी हिशेब मांडू लागे. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. किटली धरून आईबरोबर रांगेत उभे राहणे हे माझे काम.

अशाच एका दिवाळीच्या तोंडावर धार काढायला उशीर झाला. आईने दूध तसेच, वरचा फेस मोडायच्या आत, केंद्रावर नेले. तिथल्या माणसाने लॅक्टोमीटर दुधात सोडला, वाकून पाहिले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काकी, डिग्री लागत नाही. पाणी आहे."

आई काही बोलली नाही. तिने पदर सारखा केला आणि ती बाजूला उभी राहिली. रांगेतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे, दूध ऊन आहे. जरा निवू दे, मग लाव." अर्ध्या तासाने डिग्री बरोबर भरली. दूध घेतले गेले, पैसे पुरे मिळाले. पण तो शब्द रांगेने ऐकला होता. त्या दिवसापासून आईने दूध निववल्याशिवाय केंद्रावर कधी नेले नाही. खऱ्या दुधाने खरे दिसावे कसे, याचा धडा तिला असा घ्यावा लागला.

लॅक्टोमीटरला पाणी दिसत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याला फक्त दुधाची घनता कळते. ऊन दूध थंड दुधापेक्षा हलके, म्हणून ते पाणी घातल्यासारखे भासते. उलट, साय काढून घेतली की दूध जड होते. मग त्यात बेताने पाणी ओतले, की डिग्री पुन्हा पूर्वीच्या जागी येऊन बसते. म्हणजे लबाड गवळी सुटू शकतो आणि धारोष्ण दूध आणणारी बाई पकडली जाऊ शकते. यात यंत्राचा दोष नाही. त्याने घनता सांगितली. 'पाणी आहे' हे वाक्य माणसाने उच्चारले.

ही जुनी गोष्ट आठवायला यंदा एक कारण घडले. मी शाळेत मराठी शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि आमच्या शाळेच्या वार्षिकांकाचे संपादनही माझ्याच गळ्यात असते. या अंकासाठी मराठीबरोबर इंग्रजी निबंधही मागवतो. नववीतल्या एका मुलीने आपल्या आजीवर इंग्रजीत निबंध दिला. तिला येथे मी वैशाली म्हणतो. खरे नाव दुसरे आहे. निबंध साधा, नेटका, एकही चूक नसलेला. माझ्या तरुण सहकाऱ्यांना, इंग्रजीच्या शिक्षकांना, शंका आली. त्यांनी तो मजकूर मोबाइलने उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेचे लेखन ओळखणाऱ्या एका साधनात घातला. उत्तर आले : ९२ टक्के यंत्राने लिहिलेला.

मी वैशालीला बोलावले. शिक्षकांच्या खोलीत आणखी तिघे बसलेले होते. मी तिला विचारले, "हे तू लिहिलेस?" ती "हो सर" म्हणाली. आणि मी, रांगेत किटली धरून उभा राहिलेला तो मुलगा, म्हणालो, "मोबाइल तर वेगळेच सांगतो आहे."

ती आईसारखीच गप्प राहिली.

संध्याकाळी सहकाऱ्यांनी तोच निबंध दुसऱ्या साधनात घातला. त्याने तो माणसाचा ठरवला. मग आम्ही गंमत म्हणून अंकासाठी निवडलेला दुसऱ्या एका मुलाचा निबंध तपासला. तो दोन्ही ठिकाणी निर्दोष सुटला. पुढच्या आठवड्यात त्या मुलानेच हसत हसत सांगितले, की निबंध मोबाइलने लिहिला होता. नंतर "साध्या मुलाने लिहिल्यासारखा कर" एवढे त्याने मोबाइलला बजावले होते.

तेव्हा या साधनांत चालते तरी काय, ते मी वाचून काढले. शास्त्रातले मला फारसे कळत नाही, पण मूळ कल्पना सोपी आहे. 'सूर्य पूर्वेला' एवढे म्हटले, की पुढचा शब्द कुणीही सांगेल. ही साधने मजकुरातल्या शब्दाशब्दाला हेच विचारतात : हा शब्द मला आधी सुचला असता का? पुष्कळ ठिकाणी 'हो' आले, की त्यांना यंत्राचा वास येतो. कारण लिहिणारे यंत्रही बहुधा संभवनीय शब्दच निवडते. वाक्ये सारख्याच लांबीची असली तर संशय आणखी वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने काढलेले जीपीटीझिरो हे साधन याच दोन गोष्टींवर उभे होते. त्याच वर्षी त्याला अमेरिकेची राज्यघटना दाखवली, तेव्हा तिच्यावरही यंत्राचा शिक्का बसला. १७८७ साली लिहिलेली ती घटना यंत्रांनी इतक्या वेळा वाचलेली असते, की तिच्यातला कोणताच शब्द त्यांना नवा वाटत नाही.

आता ज्या मुलीजवळ परक्या भाषेचे चारपाचशे शब्द आहेत, ती त्यांतले नेहमीचेच शब्द वापरणार. वैशालीच्या निबंधातली चार वाक्ये तर माझ्या सहकाऱ्यांनीच वर्षाच्या सुरुवातीला नमुना म्हणून फळ्यावर लिहून दिलेली होती. पाठ करा म्हणून आम्हीच सांगितले होते.

साधनासाधनांत डावे-उजवे आहेच. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे परीक्षक-साधन काढले. तिनेच सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे ते यंत्राच्या लेखनापैकी २६ टक्के लेखन ओळखत होते आणि माणसाच्या लेखनापैकी ९ टक्के लेखन यंत्राचे ठरवत होते. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून कंपनीने ते मागे घेतले. ज्यांनी यंत्र घडवले त्यांनाच त्याचे अक्षर ओळखता आले नाही! याच वर्षी, मुख्यतः युरोपातील विद्यापीठांच्या संशोधकांनी १४ साधने तपासली. एकाचीही अचूकता ८० टक्क्यांपर्यंत पोचली नाही.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ मधल्या अभ्यासाने. इंग्रजी परकी म्हणून शिकलेल्या माणसांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात साधनांपुढे ठेवले. साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले. ९१ पैकी ८९ निबंधांवर निदान एका साधनाने तरी ठपका ठेवला. अमेरिकन शाळांतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुखरूप सुटले. पुढची गंमत तर अशी, की त्या ९१ निबंधांतले शब्द अधिक भारदस्त करण्याचे काम चॅटजीपीटीलाच दिले, तेव्हा ठपका सुमारे १२ टक्क्यांवर उतरला. साय काढून पाणी घातले आणि डिग्री बरोबर लागली!

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. साधने सुधारत आहेत. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठातील दोन संशोधकांनी चार साधने पारखली, तेव्हा त्यांतल्या सर्वोत्तम साधनाच्या चुका मध्यम आणि लांब मजकुरात शून्याच्या जवळ आलेल्या दिसल्या. हे सारे आकडे इंग्रजी मजकुराचे आहेत, हे लक्षात ठेवूनही ही प्रगती नाकारता येणार नाही. आणि साधने मुळीच नकोत, असे म्हणणेही न्यायाचे नव्हे. जो मुलगा रात्री जागून स्वतः लिहितो, त्याच्या पुढे मोबाइलचा निबंध बक्षीस घेऊन गेला, तर तोही अन्यायच. त्या मुलाची बाजू कोण घेणार?

म्हणून प्रश्न शेवटी असा उरतो : कोणती चूक पत्करावी? समजा, १०० निबंध आले आणि त्यांतले १० यंत्राचे आहेत. ओपनएआयच्या त्या जुन्या साधनाने त्यांतले दोन-तीन पकडले असते. उरलेल्या ९० प्रामाणिक मुलांतली आठही त्याच जाळ्यात आली असती. म्हणजे दोषी ठरलेल्या दहा-अकरांत आठ निरपराध! साधन याहून कितीतरी चांगले असले तरी हा हिशेब पुसला जात नाही, फक्त लहान होतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या कंपनीचे ओळख-साधन ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केले, ते असाच हिशेब मांडून. चूक एक टक्क्याहून कमी, असे कंपनी म्हणत होती. पण २०२२ मध्ये विद्यापीठाने टर्निटिनकडे ७५,००० निबंध तपासायला दिले होते. त्यांचा एक टक्का म्हणजे ७५०. आमच्या शाळेच्या पटावरसुद्धा इतकी मुले नाहीत.

पूर्वी मुलाने कुठून उतरून काढले, तर ते पुस्तक शेजारी ठेवून दाखवता येई. मूलही मान खाली घालून कबूल करी. येथे शेजारी ठेवायला मूळ पुस्तकच नाही. चोरीचा माल सापडत नाही, फक्त एक आकडा सापडतो. आणि आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करण्याऐवजी, आपण चोर नाही हे मुलाने सिद्ध करायचे! मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. दुधाची सोडली तर दुसरी कोणती डिग्री माझ्या वाट्याला आली नाही. माझी पहिली कादंबरी छापून आली, तेव्हा एका परिचितांनी मोठ्या आपुलकीने विचारले होते, "खरे सांगा, कुणी लिहून दिली?" त्यावर काय उत्तर द्यायचे असते? मला आजतागायत सुचलेले नाही. माझ्या चाळिशीत जे मला सुचत नाही, ते चौदा वर्षांच्या मुलीला कसे सुचावे?

मला वाटते, यंत्राचा आकडा फार तर प्रश्न विचारायचे निमित्त व्हावा. त्याने निकाल होऊ नये. आणि तो प्रश्नही एकांतात, वर्गापुढे नव्हे. निकाल द्यायचा तर त्यासाठी ते मूल ओळखावे लागते : ते बोलते कसे, अडखळते कुठे, कोणत्या शब्दावर त्याचे प्रेम आहे. साठ मुलांच्या वर्गात एवढी ओळख ठेवणे कठीण असते, हे मी कबूल करतो. पण त्या ओळखीची उणीव आकड्याने भरून काढू गेलो, की आपण आपले काम यंत्राकडून करून घेतले असे होते. नेमका हाच आरोप आपण मुलांवर करीत असतो.

वैशालीची मी क्षमा मागितली. ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्याचसमोर मागितली. मग तिला आजीविषयी विचारले. आजी डोळ्यांनी अधू आहे. नातीने आणलेली भाजी ती बोटांनी चाचपून निवडते आणि कोवळी भेंडी टोक मोडून त्याच्या आवाजावरून ओळखते. यातले काहीच निबंधात नव्हते. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, "सर, त्याचे इंग्रजी येत नव्हते."

मी तिला निबंध पुन्हा लिहायला सांगितला. आठ दिवसांनी तिने तो आणून दिला. भेंडी आली होती, आजीची बोटे आली होती. पण जागोजाग शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पहिल्या निबंधात एकही नसलेल्या. 'grandmother' या शब्दाची अक्षरेसुद्धा दोन ठिकाणी चुकवलेली. मी तिच्याकडे पाहिले.

"मुद्दाम ठेवल्यात सर," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मोबाइलला माझा वाटेल."

दूध निववून नेणारी आई मला त्या क्षणी पुन्हा दिसली. मी लाल पेन काढले नाही. वही तिच्याकडे परत दिली आणि म्हटले, "चुका दुरुस्त करून आण. अंकात हाच निबंध छापायचा आहे."

"आणि मोबाइलने पुन्हा तसे सांगितले तर?"

"सांगू दे," मी म्हणालो. "त्याला उत्तर मी देईन."