दोन बंबांचा संसार

माणसाने पुरे कशाला म्हणावं, हे संतांनी सांगितलं असेल. कॉमर्सच्या प्राध्यापकांनी आम्हाला ते सांगितलं नाही. त्यांनी रॉबिन्ससाहेबांची १९३२ सालची व्याख्या तेवढी पाठ करून घेतली. गरजा अमर्याद असतात आणि साधनं मर्यादित. तेवढ्यावर आम्ही बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि व्याख्येच्या उत्तरार्धाचा अनुभव दर महिन्याच्या वीस तारखेनंतर नेमाने घेत आलो. पूर्वार्ध आमच्या धाकट्या मेहुण्याने दाखवला. त्याने घरी दोन बॉयलरचं एस्प्रेसो यंत्र आणलं. घरात माणसं दोन. तो आणि त्याची बायको.

ज्यांच्याकडे अजून पातेल्यात कॉफी उकळते (म्हणजे आपल्यातलेच सगळे) त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या १८ ग्रॅम कॉफीतून ९ बार दाबाने गरम पाणी रेटायचं आणि २५-३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम काळा, दाट रस काढायचा. या पाण्याला लागते ९३ अंशांच्या आसपासची ऊब. दुधाला फेस आणायचा तर वाफ हवी, आणि जोरकस वाफ हवी तर बॉयलर १२० ते १३० अंशांवर तापलेला हवा. एक शांत, एक तापट. एकाच बॉयलरमध्ये दोघांना नांदवायचं तर आधी कॉफी काढा, मग बॉयलर तापवा, मग दूध फेसाळा आणि पुढच्या कॉफीसाठी त्याला पुन्हा थंड करा. यात मिनिटभर जातं, आणि आमच्या मेहुण्याचं म्हणणं असं, की त्या मिनिटात कॉफी 'मरते'. मी बँकेत माणसं पासबुक छापायला पाऊण तास उभी राहिलेली पाहिली आहेत. त्यातलं एकही मेलं नाही. पण ते असो.

यावर एक मधला मार्गही आहे. तापट पाण्याच्या बॉयलरमधून एक नळी न्यायची आणि कॉफीचं पाणी त्या नळीतून जाता जाता तापवायचं. हे ऐकलं आणि मला आजोळचा तांब्याचा बंब आठवला. तिथे नळीत निखारे आणि भोवती पाणी; इथे नळीत पाणी आणि भोवती त्याहून तापलेलं पाणी. बंबच, फक्त आतला बाहेर केलेला. मात्र या नळीतलं पाणी थांबून राहिलं की भलतंच तापतं, म्हणून कॉफीआधी थोडं सोडून द्यावं लागतं. मेहुण्याला हे सोडून देणं मंजूर नव्हतं. त्यामुळे कॉफीचा वेगळा बंब, वाफेचा वेगळा बंब.

ही कल्पना काही त्याची नव्हे, इटलीची. १९०१ साली मिलानच्या बेत्सेरा यांनी आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा एकच मोठा बॉयलर सगळी कामं करायचा आणि वाफेचा दाबच पाणी ढकलायचा. फ्लॉरेन्सच्या ला मार्झोक्को कंपनीने १९७० साली दोन वेगळ्या बॉयलरचं यंत्र काढलं. ते काढलं कॅफेसाठी, जिथे सकाळी गिऱ्हाइकांची रांग असते आणि काउंटरमागच्या माणसाने एका हाताने कॉफी काढत दुसऱ्या हाताने दूध फेसाळायचं असतं. पुढे ते लहान होत होत घरात शिरलं. रांग तेवढी बाहेरच राहिली.

गुण सांगितलेच पाहिजेत, नाहीतर मेहुणा म्हणेल, दाजी कर्ज नामंजूर करायच्या मूडमध्येच आले होते. आत पीआयडी नावाचा एक कारकून बसवलेला असतो. तो क्षणाक्षणाला तापमान पाहतो, कमी-जास्त झालं की दुरुस्त करतो, आणि महागाई भत्ता मागत नाही. फिकट भाजलेल्या बियांना थोडं जास्त तापमान, गडद भाजलेल्यांना थोडं कमी, असं अंशाअंशाने बदलता येतं. आजची कॉफी कालच्यासारखीच लागते, आणि बिघडली तर खापर पाण्यावर फोडता येत नाही. दळणावर किंवा स्वतःवर फोडावं लागतं. इतकं प्रामाणिक यंत्र मी आमच्या शाखेत पाहिलेलं नाही. वाफेला दम असतो. दुधाचा फेस साबणासारखा फसफसत नाही, ताज्या रंगासारखा चकचकीत होतो. मी ती कॉफी प्यालो आहे. चांगली असते हो. फार चांगली असते.

आता नावेची बाजू. जाड पितळी मुंडक्याच्या यंत्राला पुरतं तापायला अर्धा तास लागतो. काही नवी यंत्रं दहा-बारा मिनिटांत तयार होतात, पण मेहुण्याचं पहिल्या जातीचं. मिनिटभर थांबायला नको म्हणून अर्धा तास आधी सुरू करायचं! त्यासाठी त्याने टायमर लावला आहे. पहाटे साडेपाचला यंत्र उठतं, सहाला माणसं. वजन २८ किलो. ओट्यावरच्या मिक्सरला त्याने देशोधडीला लावलं. पाण्याची तऱ्हा तर और. सोसायटीला टँकर येतो, ते पाणी क्षारांचं. वाफ निघून जाते, क्षार मागे उरतात, बॉयलरला आतून पुटं चढतात. बरं, अगदी शुद्ध पाणी घालावं तर तेही चालत नाही. त्यात क्षार नसले तर पाण्याची पातळी ओळखणाऱ्या कांडीला पाणी आहे हेच कळत नाही. एकूण काय, पाणी सज्जन हवं, पण संत नको.

मी स्वभावानुसार घसारा काढला. यंत्र २ लाखांचं, आयुष्य १० वर्षं धरलं, रोज २ कप. म्हणजे ७,३०० कप, दर कपाला २७ रुपये ४० पैसे. यात बिया, दूध, वीज नाही आणि दळणारं यंत्रही नाही. ते वेगळं घ्यावं लागतं, आणि नवरदेवाबरोबर करवलीचा मान यावा तसा त्याचाही मान मोठा असतो. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये दहा-पंधरा रुपयांत चहा मिळतो, वर राजकारण फुकट. कागद मी बायकोपुढे ठेवला.

तिने तो वाचला आणि विचारलं, "अहो, आपल्या माळ्यावरचं वीस माणसांचं पातेलं वर्षातून कितीदा उतरतं?"

"तीनदा."

"त्याचा घसारा काढलात कधी?"

या प्रश्नापाशी कॉमर्स संपतं. रोजच्या गरजेपुरतं ठेवावं, की माणसं येतील त्या दिवसापुरतं? आमची बँकसुद्धा रोख राखून ठेवते ती रोजच्यासाठी नव्हे, सगळे एकदम दारात येतील त्या दिवसासाठी. त्याला कोणी उधळेपणा म्हणत नाही. तेव्हा दोन माणसांच्या घरात दोन बंब असणं हे काही पाप नव्हे. माझी शंका वेगळी आहे. आजोळी एका बंबावर अकरा माणसं आंघोळ करायची आणि नियम एकच होता: जेवढं ऊन पाणी काढशील, तेवढं गार वरून ओत. आपल्यामागून कोणीतरी येणार आहे, हे काढणाऱ्याला दर बादलीला कळायचं. शेवटचा मामा कोमट पाण्याने आंघोळ करी आणि पहिल्याचा उद्धार करी, पण तो आहे हे सगळ्यांना माहीत असायचं.

मेहुण्याच्या यंत्रात एका बंबाचं दुसऱ्यावाचून काही अडत नाही. तोच तर त्याचा गुण! मेहुणा पितो काळी, त्याच्या बायकोला लागते दुधाची. दोन्ही कप एकाच मिनिटाला तयार होतात. मग तो आपला कप घेऊन लॅपटॉपपुढे बसतो, कारण अमेरिका जागी असते. आणि ती चपला घालता घालता उभ्याने पिते, कारण कंपनीची बस सात दहाची. वाचलेलं ते मिनिट कोणाच्या खात्यात जमा झालं, हे मी दोघांनाही विचारलं. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात. पैसे असतात, व्याजही चढतं, फक्त कोणी फिरकत नाही. दुसऱ्या बंबाचं मला तसंच वाटतं. त्यातली वाफ एका जगभर दुधासाठी फार आहे, आणि माळ्यावरच्या पातेल्यासारखं हे धूड शेजारी उसनं देता येत नाही. २८ किलो कोण उचलणार? त्याच्यापाशी माणसांनीच जावं लागतं.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही गेलो. सासूबाई धरून अकरा जण. बायकोने भावाला आदल्या दिवशी फक्त कळवलं, विचारलं नाही. यंत्राचं खरं रूप मला त्या दिवशी दिसलं. मेहुणा एका हाताने कॉफी लावतो आहे, दुसऱ्या हातात दुधाचा जग, वाफ कमी पडत नाही, पाणी गार होत नाही, आणि त्याची बायको शेजारी उभी राहून कोणाला साखर, कोणाला बिनसाखर ते सांगते आहे. अर्ध्या तासात अकराच्या अकरा जणांना गरम कॉफी मिळाली आणि बारावा, तेरावा कप घेऊन ती दोघंही आमच्यात येऊन बसली. लॅपटॉप बंद होता.

घोटाळा एवढाच झाला, की इतक्या जय्यत तयारीत त्याने कप दोनच घेतले होते. आमच्या हिने पिशवीतून स्टीलची फुलपात्रं काढली. मेहुण्याचा चेहरा पडला. "दाजी, कपाला रुंद तोंड लागतं, फेसावर पान काढायचं असतं." तरी त्याने फुलपात्रात पान काढलं, मन लावून, आणि पहिलं आईपुढे नेऊन धरलं. सासूबाईंनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं. "तुळशीचं का रे?" म्हणाल्या, आणि दोन चमचे साखर घालून खळाखळा ढवळलं.